खोटी पट्टी

उद्यमनगरात आमच्या दुकानात
एकाच खिळ्याला दोन पट्ट्या.
एक खरी.
दुसरीला आम्ही खोटी म्हणायचो,
तिच्यातला फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब.
बीड निवताना आकसतं,
म्हणून लाकडाचा पॅटर्न आधीच मोठा कापायचा.
बिडाला एक सूत, पोलादाला दोन,
सातवीत असताना आप्पांनी पाठ करून घेतलेलं.

पण दारात गिऱ्हाईक आलं की
तारखेला आप्पा खरीच पट्टी लावायचे:
‘आठ दिवसांत देतो की!’

खोटं बोलत नव्हते ते.
बोलताना त्यांना दिसायचेच तसले आठ दिवस,
लाइट आहे, सागवान सुकलंय,
इसाकभाई नऊच्या ठोक्याला रंध्यावर,
आणि जगात दुसरं काहीही घडत नाही.

ते गेल्यावर एका रविवारी
मी सात वर्षांच्या वह्या काढल्या.
डावीकडं बोललेले दिवस, उजवीकडं लागलेले.
दुप्पट, वर थोडे.
हे चांगल्या महिन्यात.
वाईट महिन्यात
शिरोलीच्या रस्त्यावर पंचगंगा,
इसाकभाईंच्या मेव्हणीचं लग्न,
आणि ड्रॉइंगमधलं भोक
गिऱ्हाइकानं तिसऱ्यांदा हलवलेलं.

पैशाचंही तेच.
सरस, पॉलिशपेपर, टेम्पो,
चुकलेल्या कोअर-बॉक्सचं लाकूड
कुठल्याच कोटेशनात नाही.
मग भागायचं कशातनं?
आईच्या भिशीतनं.
हे कुठल्याच वहीत नव्हतं,
आईनं सांगितलं, शेंगा सोलता सोलता.

काल बाबगोंडा मगदूम आले.
चरक्याच्या बॉडीचा पॅटर्न हवा,
गुऱ्हाळं पेटायच्या आत.
मी म्हटलं, सव्वीस दिवस. एकोणचाळीस हजार.
भोक हललं तर परत मोजणार.

ते हसले.
‘आप्पा असते तर आठ म्हणाले असते, पोरी.’
‘म्हणाले असते.
आणि तेविसाव्या दिवशी तुम्ही
ह्याच बाकावर चहा पीत
त्यांच्यावर ओरडला असता.’
‘असता की,’ मगदूम म्हणाले,
आणि चहा संपवून
पलीकडच्या गल्लीत गेले.
तिथं दहा दिवसांत देतो म्हणाले म्हणे.

इसाकभाई काही बोलले नाहीत.
भुसा झाडला, शटर अर्धं ओढलं.
मला वाईट वाटलं, ते का लपवू?
आठ म्हणायला जीभ वळवळली होती.

रात्री पुन्हा मोजायला बसले
आणि कळलं, खंडेनवमी धरलीच नाही.
त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो,
आदल्या दिवशी सगळं घासायचं,
खोट्या पट्टीलासुद्धा तेल.

गिऱ्हाईक तर गेलेलं.
तरी वहीत सव्वीस खोडले,
अठ्ठावीस लिहिले.