तिसऱ्या मिनिटाचा ग्लास

तिसऱ्या मिनिटाला ग्लास फुटतो.
ज्यांनी ही रेकॉर्ड ऐकली त्यांना सांगायला नको.
दुसरं कडवं संपत आलेलं,
ओझेला ट्रिम्बल 'उशीर' या शब्दापाशी पोचलेली,
आणि मागे कुठेतरी, उजव्या स्पीकरच्या तळाशी,
खळ्ळ.

त्यानंतर जे होतं त्याच्यासाठी मी जगलो असं म्हटलं
की माझी बायको ताटं आपटते.
लूथर बेंबरी गाण्याची साथ सोडतो
आणि वरच्या पट्टीत चार सूर वेचतो,
एकेक, सावकाश,
बोटाला काच लागू नये अशा बेताने.
ओझेलाला हसू येतं.
ते ती गिळत नाही,
'उशीर'मधल्या 'शी'वर सांडू देते.

एकसष्टचा फेब्रुवारी, क्लीव्हलंड.
बाहेर तळं गोठलेलं, आत चाळीस माणसं असतील-नसतील.
त्या क्लबच्या जागी आता गाड्या लावतात,
तासाला सहा डॉलर.

आम्ही दर गुरुवारी डेल्फीनच्या सलूनखाली जमायचो.
अकरा होतो. आता चार,
आणि हॉबर्ट, ज्याला ऐकू येत नाही
पण तो स्पीकरवर तळहात ठेवून बसतो
आणि बरोबर जागेवर मान हलवतो.
मी एकतीस वर्षं टपाल वाटलं.
ओझेलाच्या बहिणीचं घर माझ्या वाटेवर होतं.
कधी बोललो नाही.
तिची पत्रं मात्र बर्फात कधी भिजू दिली नाहीत.

ग्लास आपणच पाडला असं सांगणारे मला तिघं भेटले.
टोलीडोचा एक दंतवैद्य,
विचोरेक नावाचा बारवाला (त्याने डाव्या हातावरचा व्रणही दाखवला),
आणि अर्लीन पेटिग्रू, जी तिथे टेबलं पुसायची.
तिघांवरही आमचा विश्वास आहे.
एवढं प्रेम एका ग्लासात मावणार कसं?

मग कंपनीने नवी आवृत्ती काढली.
स्वच्छ केलेली, असं पाकिटावर लिहिलेलं.
खोकले पुसले, खुर्च्या पुसल्या,
तिसऱ्या मिनिटाचा ग्लासही पुसला.
आता लूथर चार सूर वेचतो
ते कशाचे, कुणाला कळू नये,
आणि ओझेला हसते, कारण नसताना,
एखादी बाई रस्त्यात एकटीच हसावी तशी.
आम्ही कंपनीला पत्र लिहिलं.
पाकीट मीच तोललं, तिकीट मीच लावलं.
उत्तर आलं नाही.

माझी जुनी रेकॉर्ड नेमकी तिथेच झिजली आहे.
सुई तिथे घसरते आणि थेट टाळ्यांत जाऊन पडते.
दोष कंपनीचा नाही, आमचाच.
सारखं तेवढंच ऐकायचं असायचं.

म्हणून त्या रविवारी अर्लीनकडे नेली ती नवीच, स्वच्छ.
वृद्धाश्रमाचा दुसरा मजला, खिडकीत हीटर,
अर्लीन अठ्ठ्याऐंशीची. मला ओळखते कधी, कधी नाही.
आज मी तिचा भाऊ होतो, बरं.
तिथे ग्लास प्लास्टिकचे असतात,
पडले तर उड्या मारतात.

पहिलं कडवं गेलं. ती हीटरकडे बघत होती.
दुसरं कडवं. मी तिच्या हातांकडे,
फडकं नसलेल्या बोटांनी ती चादरीचा कोपरा पुसत होती,
गोल, गोल.
ओझेला 'उशीर'पाशी आली.
अर्लीनने मान वर केली
आणि तोंडाने, हळू,
पण अर्ध्या मात्रेचाही फरक न पडू देता
म्हणाली: खळ्ळ.

आणि लूथर वाकला.

पहिला सूर.
दुसरा.
दारातून नर्सने डोकं घातलं,
काही पडलं का, म्हणाली.
हो, मी म्हणालो,
राहू दे, तो उचलतोय.