सातवी कमान

माझा बाप, जेबेझ हॉर्सफॉल,
थॉर्नकेल्ड स्टेशनवर हमाल होता, दिवे पुसणारा होता,
आणि सोमवारी बादलीत मैद्याची खळ कालवून
भिंतीवर गावं चिकटवणारा.
समुद्रकाठची गावं, गोल्फची गावं,
रंगीत छत्रीखाली रेललेल्या बायका,
खाली ठळक अक्षरांत: रेल्वेनं या.
तो स्वतः कुठेच गेला नाही. कडा मात्र सरळ लावायचा,
ओळंबा धरल्यासारख्या.

मग एका मार्चमध्ये, सात-चाळीसच्या गाडीतून,
पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेलं
आमचंच गाव आलं.

आमचा पडका मठ, नदीच्या वळणावरचा.
पण आभाळ अंड्याच्या बलकाचं,
सावल्या जांभळ्या, गवत विंचरल्यासारखं.
मेंढी एकही नाही. चिखल नाही.
वेदीच्या जागेवरून एरवी थेट दिसतं
ते मिसेस उटलीचं धुणं नाही.
बापानं चित्राकडे पाहिलं, मग वळून
भुरभुरीतल्या खऱ्याकडे,
मग पुन्हा चित्राकडे.
"सात काढल्यात," तो म्हणाला. "कमानी सहाच आहेत."

तरी लावलं त्यानं. मठाकडे पाठ असलेल्या भिंतीवर,
म्हणजे कुणाला दोन्ही एकदम दिसू नयेत.

त्या उन्हाळ्यात लीड्सहून माणसं आली,
गिरणीतली, डब्यात पाव आणि थंड मांस,
पायांत न सोसणारे नवे बूट.
परतीच्या गाडीची वाट बघताना
एखादा विचारायचाच, सातवी कुठाय?
बाप कंदिलाची काच पुसत सांगायचा,
"पुढच्या गाडीनं येतेय, साहेब. सामान जड आहे."

पण ते त्याला लागून राहिलं होतं.
एका रविवारी प्रार्थना चुकवून
तो खाजऱ्या पाल्यात गुडघे टेकून बसला,
काठीनं माती उकरत.
सहावी कमान संपते त्याच्या पुढे, दहा पावलांवर,
पडलेल्या दाढेच्या खुंटासारखं
आणखी एका खांबाचं बूड.

कुण्या राजानं मठ मोडला,
छपराचं शिसं वितळवून नेलं, एवढं शाळेत शिकवतात.
दगड कुणी नेले ते शिकवत नाहीत,
कारण शिकणारे त्याच घरांत राहतात.

मग बाप गावभर हिंडला, हात पाठीमागे बांधून,
विमेवाल्यासारखा.
डुकरांच्या खोपटात एक बाकदार दगड,
वेलबुट्टीची बाजू आत वळवून बसवलेला.
गुत्त्याच्या चुलीवर दुसरा.
पुलाच्या कठड्यात दोन.
आणि फलाटाची कड, जिच्यावर तो
बावीस वर्षं खळीची बादली टेकवत आला,
तिच्या खालच्या अंगाला छिन्नीची खूण,
कुण्या पाथरवटाची, माशाच्या काट्यासारखी.

घरी येऊन म्हणाला, चित्रकार चुकला नाही.
एवढंच. मग चहा बशीत ओतला.

लाइन बंद झाली तेव्हा बाप नव्हता, मी चाळिशी ओलांडलेली.
रूळ भंगारात गेले. फलाट ज्याला हवा त्यानं नेला,
रात्री, हातगाड्यांवर. कुणी कुणाला पाहिलं नाही.
जुनी सवय.

परवा हॅरोगेटला, लिलावाच्या दालनात,
ते पोस्टर काचेआड पाहिलं.
पांढरे हातमोजे घातलेला पोरगा म्हणाला,
हे कधी भिंतीला लागलंच नाही, आजी,
म्हणून एवढी किंमत.
मी काही बोलले नाही. नुसत्या कमानी मोजल्या.

घरी पावसातून आले. मागच्या दाराशी
एक पायरी आहे आमची, मधे झिजलेली.
खालच्या अंगाला काय आहे ते मला माहीत आहे.
तिच्यावर बूट खरवडले, एक, मग दुसरा,
आणि आत गेले.