लायसनचं पुस्तक

मागाच्या जुन्या धोट्यांखाली, पेटीत,
बाबांचं रेडिओचं लायसन सापडलं.
दमडू बिसन धापोडकर, पाचपावली, नागपूर.
आत इतवारी पोस्टाचे शिक्के, ओळीनं,
वर्षाला पंधरा रुपये.
एका वर्षी वर दंडही. त्या वर्षी मी जन्मले.

पैसे भरलेला माणूस होता तो.
मागाच्या खटाखटीवरून रेडिओवर ओरडायचा,
"कुठी हाय बे पाऊस? सकायीच सांगतलं व्हतं तू!
पंधरा रुपये मोजले मी."
सुताचा भाव चुकीचा वाचला
की पोस्टकार्ड टाकायचा. तेही पदरचं.
एकदा उत्तर आलं, दोन ओळींचं, खाली सही.
ते शेवटच्या पानावर चिकटवलंय,
सुताला लावायच्या खळीनं.

मग लायसनच बंद झालं.
तरी जानेवारीत हा गेला, नोटा मुठीत धरून.
दुधेबाबू खिडकीतून हसले,
"फुकट झालं ना आता, दमडूजी. जा घरी."
"फुकट कसं? मंग भरते कोण?"
"सरकार."
"अन् सरकारले कोण देते?"
"आता… तुम्हीच."
"मंग शिक्का मार ना."

नाही मारला.
येताना त्याच पैशांचे सेल घेऊन आला,
आणि पुढं बरीच वर्षं
रेडिओला नुसतं ऐकत राहिला.

आता मी तिथंच, सिव्हिल लाइन्सला. नैमित्तिक.
महिन्याला सहा पाळ्या,
मानधन येतं तेव्हा कुठल्या महिन्याचं ते आठवावं लागतं.
कळमन्याचे बाजारभाव वाचते.
तूर आणि हरभरा यांच्यामध्ये
चाळीस सेकंद सिमेंट,
साठ सेकंद कुठलीशी योजना.
गळा एकच, गोडी तीच.
सिमेंटवाला पैसे मोजतो, योजनेचं बिल निघतं,
तूरवाला काही देत नाही,
म्हणजे देतो, पण त्याची पावती कोणाकडेच नाही,
तेव्हा त्याचा भाव मी जरा भरभर उरकते.
तसं कोणी सांगितलेलं नाही.
समोर घड्याळ असतं.

परवा तुरीत चुकले.
क्विंटलमागं दोनशेनं कमी वाचला.
कोणाचा फोन नाही, साहेबांचं बोलावणं नाही.
तीन दिवस जाता-येता
फाटकाजवळच्या टपालपेटीत डोकावले.
वरच्या कूलरचं पाणी गळून
तिचं झाकण गंजलंय,
उघडायला जोर लावावा लागतो.