निळसर

आनंदवाडीत जेवणं आटपली
की मी स्वयंपाकघर बंद करते.
खिडकीच्या फटीत जुनं लुगडं, दाराखाली गोणपाट;
मतलई सुटायच्या आत
सहा-सात काड्या तरी जाळून व्हायला हव्यात.

भिंतीवर परुळेकर वकीलबाईंनी टाकून दिलेला काळा कोट,
पाठमोरा टांगलेला, नाहीतर बटणं डोळे वटारतात.
कोटापुढे हातभर जागा रिकामी,
मग तांदळाच्या डब्यावर अगरबत्ती.
डावीकडे टेबललॅम्प,
त्याच्या तोंडाला बिस्किटांच्या खोक्याची नळी,
म्हणजे उजेड धुरालाच लागेल,
कोटाला नाही, आणि माझ्या भिंगाला तर मुळीच नाही.

काडीच्या टोकावर फोकस धरायचा
आणि मग त्याला हात लावायचा नाही.
धूर पहिली वीतभर
उलट्या ओळंब्यासारखा सरळ जातो.
तिथून पुढे त्याला काय आठवतं कोण जाणे.
मी श्वास रोखते, बटण दाबते, श्वास सोडते.
बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

दहा फोटोंनंतर खोली गढूळ होते,
काळं काळं राहत नाही.
मग दार उघडून सुपाने वारा घालायचा,
परत पहिल्यापासून.

दिवसा मी लोकांचे पासपोर्ट फोटो काढते.
हनुवटी वर. कान दिसू देत. हसू नका.
कुणी हलत नाही.
कदाचित म्हणूनच.

दाजींना धूर चालत नाही.
चाळीस वर्षं ट्रॉलरच्या पोटात वाकून
इंजिनं दुरुस्त केली, आता छाती शीळ घालते.
धक्क्यावर बसल्या बसल्या
येणाऱ्या बोटीचा नुसता धूर बघून सांगायचे:
काळो, नोझल गेलो.
पांढरो, पाणी शिरला.
निळो, तेल जळता, खर्च मोठो.
तांडेल लांबून ओरडून विचारायचे
आणि दाजी तोंडातली विडी न काढता
बोटं वर करायचे: एक, दोन किंवा तीन.

एकदा त्यांना फोटो दाखवले,
लॅपटॉपवर, रंग उलटे करून,
पांढऱ्या कागदावर शाई सुटावी तसा धूर.
त्यांनी चष्मा पुसला.
"ह्यो उलटो केलंस. आधीचो दाखव."
आधीचा दाखवला.
बराच वेळ बघून म्हणाले,
"निळसर हा. तेल जळता खंय तरी."
मी म्हटलं, दाजी, चंदनाची अगरबत्ती आहे, दहा रुपयांचा पुडा.
"मगे तेल असतला तेच्यात."
होतं.
पुड्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं.

परवा रात्री एकही दोरा नीट उठेना.
वीत सोडा, बोटभरही सरळ नाही;
प्रत्येक वेळी त्याच उंचीवर
दिव्याकडे कलायचा,
थांबायचा,
परत कलायचा.
मी लुगडं पुन्हा खोचलं, गोणपाट पायाने दाबलं,
पंख्याचं बटण बघितलं,
मग माझाच श्वास मोजला.
माझा नव्हता.
माझ्याहून भरभर चालला होता.

उजवीकडच्या दाराला, कडीच्या वर,
जुन्या कुलपाचं एक भोक आहे.
पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला.
"झाला काय गो?"
नाही, म्हटलं.
"मी हंयच बसलंय. माका धूर येणा नाय.
तू काढ."

भोक बुजवायला घेतलेला कापूस
मुठीत तसाच राहिला.
दुसऱ्या हाताने नवी काडी लावली.
कलला. थांबला.
कलला.
बटण दाबताना मी श्वास रोखला नाही त्या रात्री,
एका खोलीत दोघांपैकी एकाने तरी
का रोखावा.

चौतीस फोटो झाले. एकही सरळ नाही.
लॅपटॉपने फोल्डरचं नाव विचारलं.
बाहेर मतलई सुटली होती, माडांत ऐकू येत होती.
मी नुसती तारीख घातली.