एकशे सत्तावीस दाती

नागदेवी स्ट्रीटला हकिमुद्दीनने दोन मोटरी समोर ठेवल्या.
हा स्टेपर. स्वस्त. ओझं वाढलं की पाऊल चुकतो,
पण चुकलो म्हणत नाही.
हा सर्व्हो, दुपटीने महाग,
स्वतःची चूक मोजत बसतो.
मी सर्व्हो घेतला.
एन्कोडर, टायमिंग बेल्ट, सारख्या दातांच्या दोन पुल्या,
आणि घासाघीस करून एक पॉवर सप्लाय.

भांडुपच्या गाळ्यात रेडकर गिअरांचा डबा पुसत होते.
सगळ्यांत मोठं चाक, एकशे सत्तावीस दाती:
लीडस्क्रू इंचाचा, गिऱ्हाईक मिलिमीटरचं,
मधला दुभाष्या, तेहतीस वर्षं.
एकदा बदलताना त्याने करंगळीचं पेर नेलं.
रेडकरांनी चिंधी बांधली, उरलेले बोल्ट पुरे केले,
मग दवाखाना.

आज दीडच्या पिचचे आटे पाडले.
हाफनट न उचलता कॅरेज आपणहून मागे आलं.
नट अंगठ्याने ढकलला,
सुळकन गेला.

रेडकरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"आवाजच नाही हो हिला.
चुकली तर कळणार कसं?"

मी स्क्रीनवरचा आकडा दाखवला.
ते हेडस्टॉकला कान लावून
वाकलेलेच.