आतलं पांढरं

सात रस्त्यावर माझा गाडा, बावीस वर्षं.
जालन्याची मोसंबी पहाटे मार्केट यार्डात उतरते,
अकरापर्यंत ऊन डांबराला चिकटतं
आणि गिऱ्हाईक माझ्या बर्फाला.

मी दस्तगीर बागवान.
नऊ वर्षं झाली,
माझ्या हातचा ग्लास मी तोंडाला लावलेला नाही.
सिव्हिलच्या डॉक्टरीणबाईंनी एक आकडा लिहिला
आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या.
आकडा विसरलो. रेघा आठवतात.

सालं मात्र कधी मोजली नाहीत.
पोतं भरलं की शेळ्यांवाला सायबू न्यायचा,
शुक्रवारी लिटरभर दूध पोचतं करायचा.
व्यवहार संपला.

मग ती आली, भार्गवी म्याकल,
पाठीवर सॅक, केगावच्या बसची धूळ केसांत,
अंगाला स्पिरीटचा वास.
मामा, सालं द्याल?
म्हटलं, ने की. पण लोक इथं रसाला येतात.
म्हणाली, रस सगळ्यांनी बघितलाय.
मला आतलं पांढरं पाहिजे.

साल उलटी करून तिनं नखानं खरवडली.
पिवळ्याच्या पाठीमागे
पिंजलेल्या कापसासारखा थर,
मी बावीस वर्षं कडू म्हणून फेकलेला.

फ्लेव्होनॉइड म्हणतात, म्हणाली.
हेस्पेरिडिन. नारिंजिन.
पत्रिकेत छापलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी नावं,
त्यातल्या त्यात नारिंजिन ओळखीचं,
नारिंगाच्या घरातलं.

रक्तात साखर साचली की
आतून गंज चढतो मामा,
ही मंडळी गंज धरू देत नाहीत, असं दिसतंय.
तिनं ‘दिसतंय’वर जरा जोर दिला.
गंज मला कळतो.
हे मशीन बघा,
रात्री पुसून तेलाचं बोट फिरवलं नाही
तर सकाळी लाल.

मग मी खाऊ का सालं?
मान आधी हलली, शब्द मागून आले.
अजून उंदरांवरच चाललंय.
गोळी सोडायची नाही हां.

गोळी सोडली नाही.
पण सालं खाल्ली,
गाडा झाकताना, मिठाला लावून, दोन महिने,
चोरून विडी ओढावी तशी.
आकडा उतरला.
तिला सांगितलं तर तिनं वही काढली नाही,
एवढंच विचारलं, आणखी काय बदललं?
मी आठवलं. स्कूटरचा क्लच गेलेला,
तेव्हापासून घरी पायीच जातो,
होटगी रोडपर्यंत.
मग कुणामुळे उतरला, कसं कळायचं?
मी क्लचवाल्याला शिव्या देणं तेव्हाच थांबवलं.

एकदा आली ती बोललीच नाही.
पोतं बांधता बांधता म्हणाली,
अव्वा विडीचं पान कापत होती,
कात्री बोटात गेली.
तिला कळलं नाही.
सुपात रक्त दिसलं तेव्हा
ती विचारते, हे कुणाचं?

विचारलं, म्हणून करतेस का हे सगळं?
नाही, विषय सरांनी दिला.
पोत्याला गाठ मारली,
सोडली, परत मारली.
तशी म्हणून पण, म्हणाली.

चार उन्हाळे सालं नेली तिनं.
आता हैदराबादला आहे, कसल्याशा कंपनीत.
जाताना काळ्या पुठ्ठ्याची जाड वही दाखवून गेली.
इंग्रजी सगळं. उंदीर एवढे, डोस एवढा,
आणि शेवटच्या पानावर म्हणे ते लिहिलंय
जे मला तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं:
अजून तपासायला पाहिजे.

पुढच्या पानावर आभार.
बोट ठेवून तिनं मराठीत करून वाचलं:
नमुने पुरवल्याबद्दल
श्री. दस्तगीर बागवान, सात रस्ता.

नमुने.

सायबू पुन्हा यायला लागलाय शुक्रवारचा.
पोतं उचलताना त्याला म्हटलं,
जपून ने रे.
त्यानं बघितलं माझ्याकडं,
उन्हानं माणूस बिघडलाय असं.
शेळ्या खातात
पिवळ्यासकट, पांढऱ्यासकट,
काही न विचारता.