छान वाटलं की सांग

सलायडाहून निघताना डेल्बर्टनं
बाटलीच्या काट्यावर दोनदा टिचकी मारली,
नळी माझ्या कानांमागून वळवली,
आत्या डूल घालायची तशी, स्वतःचा श्वास रोखून.

"वर गेलं की छान वाटेल," म्हणाला.
"छान वाटलं की सांग. तेच लक्षण."

चौदा हजार फूट.
खाली कोलोरॅडोचा बर्फ, एक गोठलेलं तळं,
आणि मला एकाएकी सगळ्यांना माफ करावंसं वाटलं,
मुकुंदभावोजींनासुद्धा.

बोटावरच्या चिमट्यात ब्याऐंशी.
नळी सीटखाली दुमडली होती.
त्यानंच वाकून सरळ केली.

नव्वद. त्र्याण्णव.
भावोजी पुन्हा होते तसे झाले.

डेल्बर्टनं माझ्या नखांकडे पाहिलं,
मग उंचीच्या काट्याकडे.
"सांगितलं नाहीस," म्हणाला.